थोरला झोपलाय

दुरुस्तीच्या दुकानातून कॉम्प्युटर घरी आणायचा, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती, आणि खारूची आई काखेत रिकामी पिशवी नि हाताला लेक अशी भिंतीच्या सावलीसावलीने निघाली होती. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. वाईट गोष्टी काही वाजतगाजत येत नाहीत. येतात त्या अशाच साध्या दिवशी.

खारू तीन वर्षांची. कागदावर नाव वेगळं होतं, पण पुढचे दोन दात जरा मोठे आणि हाती लागेल ते कुरतडायची खोड. उशीचा कोपरा, चपलेचा पट्टा, बापाचं पाकीट. म्हणून बापानेच तिला खारू केली, आणि तिच्यामुळे आई झाली खारूची आई. गल्लीत तिला दुसरं नाव उरलं नव्हतं, आणि तिला नकोही होतं.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तापलेल्या प्लास्टिकचा वास, उघडी पडलेली यंत्रं, आणि त्यांच्या मधोमध जाड भिंगाचा चष्मा लावलेला दुरुस्तीवाला. त्याने कॉम्प्युटरचा डबा पुसून पुढे सरकवला नि म्हणाला, आतली सगळी घाण काढलीय. तेवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. खारूने एका वायरीचं टोक तोंडात धरलं होतं.

“ए खारूताई, वायर नको चावू. करंट बसेल, शेपटी ताठ होईल.”

खारू खुदकन हसली. त्याने बरणीतून एक गोळी काढून तिच्या मुठीत दिली.

कॉम्प्युटर दुकानात यायला कारण घडलं होतं. खारूचा बाप दूर डोंगरात बोगदा खोदायच्या कामावर होता. तिथे मोबाइल चालत नव्हता. दुपारच्या सुट्टीत तो साइटच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून घरी बोलायचा. असाच एक दिवस कॉल आला. चित्र दिसेना, नुसता आवाज. हात मशीनमध्ये सापडलाय, मी सांगतो तसं करत जा, पटकन. आवाज त्याचाच. ‘अगं’ म्हणायच्या आधी नाक ओढायची त्याची सवयसुद्धा त्यात होती. ती रडत रडत सांगितलं ते करत गेली. पडद्यावरचा बाण तिने हात लावल्याशिवाय इकडून तिकडे फिरत होता आणि ती बघत होती. दुसऱ्या दिवशी खऱ्या नवऱ्याचा कॉल आला तेव्हा त्याचा हात धडधाकट होता, आणि बँकेत खडखडाट होता.

नवरा फार बोलला नाही. जाऊ मात्र बोलली. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात यंत्र दिलं की असंच व्हायचं, असं तिने चार जणांत म्हटलं. ते वाक्य खारूच्या आईच्या छातीत खिळ्यासारखं बसलं. तेव्हापासून तिला रात्री धड झोप नव्हती. दाराची कडी ती तीनदा बघायची आणि मग विचार करायची, चोर दारातून आलाच नव्हता तर कडीचा काय उपयोग?

म्हणून दुरुस्तीवाला सांगत होता ते ती कानात प्राण आणून ऐकत होती. अनोळखी निरोपाला बोट लावायचं नाही. बाणाचा ताबा कुणाला द्यायचा नाही. कॅमेऱ्यावर काळी पट्टी, बोलायचं असेल तेव्हाच काढायची. काम झालं की बटण भिंतीतून बंद.

“आणि आवाज?” तिने विचारलं. “आवाज ओळखायचा कसा?”

त्याने चष्मा काढून पुसला. “आवाजाचं काही खरं नाही, ताई. तुम्ही नि साहेब मिळून एक खूण ठरवा. पण एक लक्षात ठेवा, खूण खरी नको. जन्मतारीख, माहेरचं आडनाव, शाळा, असलं सगळं चोरता येतं. खोटं काहीतरी ठरवा. जे मुळातच नाही, ते कोण चोरणार?”

तिला ते इतकं पटलं की घरी येईपर्यंत ती तेच मनात घोकत होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. मग म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे आपल्याला एकच पोरगी. आपण एक थोरला मुलगा आहे असं धरू. मी आधी त्याचं विचारीन. जो विचारणार नाही, तो मी नव्हे.

“आणि मी काय सांगू?”

“सांग, झोपलाय. उठवू नका.”

दोघंही हसली. त्याच्या मागे बोगद्याचा भोंगा वाजला, सुट्टी संपली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचं असं गुपित हे पहिलंच. तिला मनातून जरा लाजल्यासारखंही झालं.

मग रोजचंच झालं. दुपारी कॉल यायचा, नाक ओढल्याचा आवाज, “अगं, थोरला काय करतोय?” आणि ती भांडी पुसता पुसता म्हणायची, “झोपलाय. उठवू नका.” मग खारूला मांडीवर घ्यायची, खारू पडद्याला नाक लावायची, काचेवर ओला ठिपका उमटायचा. खूण चालू पडली होती. खारूच्या आईला पुन्हा झोप लागायला लागली.

आणि मग चूक झाली. चूक साधी होती. दुसऱ्या कुठल्या घरात ती झालीच नसती.

त्या दिवशी नवऱ्याचा कॉल येऊन गेला होता. खारू निजली होती. खारूची आई बटण बंद करायला वाकली, तोच पुन्हा घंटी. पडदा काळा. नुसता आवाज, नवऱ्याचाच.

“अगं, घात झालाय. नीट ऐक...”

थोरल्याचं नाव नाही. तिच्या लगेच ध्यानात आलं. खरं तर तिथेच बंद करायचं होतं. पण आत खिळा होता ना, जावेच्या वाक्याचा. एकदा तरी आपण चोराला पकडलं, हे तिला तोंडाने म्हणायचं होतं.

“थोरल्याचं विचारायला विसरलात वाटतं,” ती ठसक्यात म्हणाली.

पलीकडे शांतता झाली. नवरा बोलायचा तेव्हा मागे यंत्रांची घरघर असायची, कुणाची तरी हाक असायची. इथे काही नव्हतं. विहिरीत डोकावल्यावर असते तशी गार, ओली शांतता. मग सावकाश, एकेक शब्द चाखत...

“थोरला... काय करतोय?”

“झोपलाय. उठवू नका,” ती म्हणाली.

रोजची सवय. जीभ पुढे गेली आणि अक्कल मागून आली. तिने वायर खेचून काढली. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा होता. कुलूपही सांगितलं, किल्लीही दिली.

नवऱ्याला सांगायला हवं होतं. पण पुन्हा तेच ऐकायचं, पुन्हा चार जणांत... तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा आला. काही मागितलं नाही. घात, अपघात काही नाही. फक्त विचारलं, “थोरला उठला का?”

तिसऱ्या दिवशीही तेच. ती काही न बोलता बंद करायची. मग एकदा भिंतीतलं बटण बंद असताना आतल्या खोलीतून खारूची कुजबुज ऐकू आली. काळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसून ती गप्पा मारत होती, आणि कीबोर्डपाशी अर्धं बिस्कीट ठेवलेलं होतं.

“हे कुणाला?”

“दादाला,” खारू म्हणाली. “तो उठला ना.”

खारूच्या आईने भिंतीतलं बटण पुन्हा बघितलं, ते बंदच होतं. मग तिने स्वतःची समजूत घातली. पोर आहे, रोज ऐकते, खेळते. पण त्या दिवसापासून दूध ओतताना तिचा हात दुसऱ्या कपाकडे जाऊन थांबायचा.

फोटोंचं लक्षात आलं ते असंच. फोटो उघडले की यंत्र प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकोन काढायचं आणि खाली विचारायचं, हे कोण? तिने मागेच ‘खारू’ लिहून ठेवलं होतं. आता बघते तर पलंगावरच्या एका फोटोत दोन चौकोन. एक खारूभोवती. दुसरा तिच्या शेजारी, उशीच्या वर, जिथे नुसती भिंत होती तिथे. हे कोण?

तिने दुसरा फोटो उघडला. गच्चीवरचा. तिथेही खारूच्या डोक्याच्या वीतभर वर, हवेत, एक चौकोन. तिसऱ्यातही. खारूपेक्षा वीतभर उंच... दोनतीन वर्षांनी मोठं मूल असावं तेवढं.

तिने ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, यंत्राला काय कळतं, खिडकीच्या पडद्याच्या चुणीलाही ते तोंड समजतं. मग म्हणाला, “थोरल्याला नीट खायला घालतेस ना?”

“अहो, गंमत पुरे.”

“कसली गंमत?” तो म्हणाला, आणि भोंगा न वाजताच कॉल संपला.

हा नवरा होता की तो दुसरा? तिला सांगता येईना. आता दोघंही नाक ओढत होते, दोघंही थोरल्याचं विचारत होते. चित्र कधी यायचं, कधी नाही. यायचं तेव्हाही धुळीत एक हेल्मेट तेवढं दिसायचं. जी खूण पारखायला केली होती, तिनेच पारख बुडवली.

आणि एक दिवस आवाज म्हणाला, खारूला समोर घे. ती म्हणाली, मांडीवरच आहे की. तो म्हणाला, कुठे? तू दिसतेस, तुझे हात दिसतात, पोटाशी कुशन धरल्यासारखे. मांडीवर कुणी नाही. खारू हसत होती, पडद्याला नाक लावत होती. खारूच्या आईने फोटो उघडले. खारू सगळ्यांत होती. पण तिच्या भोवतीचा चौकोन गेला होता, आणि नावही. चौकोन एकच उरला होता, वीतभर वरचा, आणि त्याच्याखाली आता प्रश्न नव्हता. तिथे ‘थोरला’ असं लिहिलेलं होतं. तिने लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी डबा पिशवीत घालून ती दुकानात धावत गेली. दुरुस्तीवाल्याने सगळं उघडून पाहिलं. काही नाही म्हणाला, स्वच्छ आहे, चोर नाही की किडा नाही. खाली बसून खारू वायर चावत होती. तो काही बोलला नाही. खारूने वर पाहिलं, मुद्दाम आणखी जोरात चावली, त्याच्या तोंडाकडे बघत. तो डब्याचे स्क्रू घट्ट करत राहिला.

“ती वायर चावतेय,” खारूची आई म्हणाली.

“कोण?” त्याने दुकानभर नजर फिरवली. मग बरणीतून गोळी काढली आणि खारूच्या आईच्या डाव्या बाजूला, खारू नव्हती त्या बाजूला, जरा उंचावर हात धरला. “घे रे. आईला त्रास देऊ नको.”

हात परत आला तेव्हा त्यात गोळी नव्हती.

घराच्या वाटेवर तिने खारूला एकदाही खाली ठेवलं नाही. पोरीचं वजन खांद्यावर होतं, श्वास मानेवर होता, कुरतडून ओली झालेली ओढणीची किनार गळ्याला लागत होती. इतकं सगळं असून जिन्यात शेजारची मावशी भेटली नि म्हणाली, “एकटीच एवढं ओझं घेऊन? पोराला तरी हात लावायला सांगायचं.”

दाराला कडी लावून ती जमिनीवर बसली. डोकं बधिर झालं होतं. पण आई माणूस, बुडतानाही काडी शोधतेच. तिला दुरुस्तीवाल्याचं पहिलं बोलणं आठवलं. खरं ते चोरता येतं. खोटं चोरता येत नाही. जे नाहीच, ते कोण चोरणार?

खारू खरी होती, म्हणून चोरीला जात होती. मग तिला खोटीच करायची. जगासाठी, यंत्रासाठी, त्या आवाजासाठी. पोरगी नाहीच म्हणायचं. थोरला हवाय ना त्यांना? असू दे तोच खरा. खारू आपल्या दोघांची खूण. खूण कुणाच्या हाती लागत नाही.

तिला वाटलं, सातवी शिकली म्हणून काय झालं, तोड तर सापडली.

दुपारी कॉल आला. मागे भोंगा ऐकू येतोय का म्हणून तिने कान दिला. येत नव्हता. सुट्टी संपायला अजून वेळ असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग दबक्या आवाजात म्हणाली, “अहो, खूण बदलायची. थोरल्याचं आता नको. आजपासून धाकटीचं विचारत जा. म्हणजे... पोरगी आहे असं खोटंच धरायचं. मुलगा खरा.”

मग नाक ओढल्याचा आवाज.

“बरं,” तो म्हणाला. “लक्षात ठेवायला सोपं आहे. तसंही...”

“तसंही काय?”

“काही नाही. तिचं जे काही घरात नि यंत्रात असेल ते काढून टाक. कुणाला सापडायला नको.”

तिने खारूचे कपडे ट्रंकेत घातले. दारामागे उंची मोजायला पेन्सिलीने केलेल्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या. मग खारूला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली आणि एकेक फोटो निवडत गेली. जन्मल्यावरचा, दुपट्यातला. पहिला दात. गच्चीवरचा. सगळे एका ठिकाणी गोळा झाले. यंत्राने विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं का?

तिचं बोट थांबलं. का कोण जाणे, त्या क्षणी तिला वाटलं की हे कुणीतरी आपल्याकडून करून घेतंय. तेव्हाही असंच होतं, सांगितलं ते करत गेले, पटकन, पटकन...

“मी दाबते,” खारू म्हणाली. बटणं दाबायची तिला फार हौस. “आई, मी.”

आणि आई हात धरेपर्यंत त्या इवल्या बोटाने ‘हो’ दाबलं.

पडदा एकदा उजळला. डब्यातला पंखा जोरात फिरून मंदावला. खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. खारूची आई तशीच बसून राहिली, दोन्ही हात पुढे, पोटाशी कुशन धरल्यासारखे. खाली बघायचं तिला धैर्य झालं नाही. मांडी अजून गरम होती. मग हळूहळू, ऊन उतरावं तशी, तीही गार झाली.

घंटी वाजली.

“अगं,” आवाज म्हणाला. त्यात हसू होतं, पूर्वी थोरल्याचं विचारताना असायचं तेच. “धाकटी काय करतेय?”

शब्द सवयीने आले.

“झोपलीये. उठवू नका.”

“बरोबर,” आवाज समाधानाने म्हणाला, आणि कॉल संपला.

स्वयंपाकघरात कुणीतरी डब्याचं झाकण उघडलं. पाय ओढत चालल्याचा आवाज आला.

“आई,” घोगरा, नुकता झोपेतून उठलेला मुलाचा आवाज. “दूध.”

ती वळली नाही. वळली तर ते खरं होईल, आणि एकदा ते खरं झालं की दुसरं काय राहील, हे तिला नीट कळत होतं. तिने भिंतीतलं बटण बंद केलं. वायर काढली. पडदा काळा झाला. कीबोर्डपाशी अर्धं बिस्कीट पडलं होतं. त्याच्या काठावर दोन दातांच्या खुणा, जरा मोठ्या, जवळजवळ. हात लावला तर ओल्या.

मग तिला तो आवाज आला. बारीक, चिवट, कुरतडल्यासारखा. उंदीर असेल म्हणून ती पलंगाखाली वाकली. तिथे नव्हता. ट्रंकेपाशी नव्हता. तिने कान त्या बंद डब्याच्या पत्र्याला लावला. आवाज आतून येत होता. आतल्या वायरी कुणीतरी एका लयीत चावत होतं.

मागे दूध मागणारं मूल दारात येऊन उभं राहिलं होतं. त्याची सावली तिच्या खांद्यावरून पत्र्यावर पडली होती. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून, ओठ पत्र्याला लावून, अगदी हळू म्हणाली, “वायर नको चावू, बाळा... करंट बसेल.”

आतला आवाज थांबला. ओळखीच्या हाकेला मूल थांबतं तसा, क्षणभर.

आणि मग पुन्हा सुरू झाला.